हसरीचा रिपोर्ट

"आधी बसा तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजोबा उभेच राहिले. खुर्च्या दोनच होत्या. एकीवर त्यांची लेक, नऊ वर्षांच्या नातीला मांडीवर घट्ट धरून. दुसरीवर जावई.

जावयाला ते सात वर्षांनी पाहत होते. कानशिलं पांढरी झाली होती. तपासणीसाठी रक्त द्यायला बोलावलं, तेव्हाही बिचारा निमूट येऊन गेला होता.

नातीला सगळे हसरी म्हणत. ती कशालाही हसायची. बोलत मात्र एक शब्द नव्हती, आणि चालताना झोकांड्या खायची. ती दोन वर्षांची असताना आजोबांनी जावयाच्या दारात उभं राहून सुनावलं होतं, "खोट तुमच्या रक्तात आहे. आमच्याकडे असलं कुणी नाही." जन्मभर चष्म्याच्या काचा घासलेला माणूस, आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं अशी खात्री! लेकीला, नातीला घेऊन ते तडक घरी आले. "अहो, पोरीचा संसार मोडू नका," आजी रस्ताभर विनवत होती. ते तिच्यावरच खेकसले. दोन वर्षांनी ती गेली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उघडला.

"जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. हे जनुक जरा वेगळं. मेंदूत याची वडिलांकडची प्रत झोपलेलीच असते, सगळ्यांची. काम करते ती आईकडची. हसरीची तीच बिघडलीय."

"म्हणजे यांचा काही..." आजोबांनी विचारलं.

"काहीच संबंध नाही."

आजोबा जावयाकडे वळले. "जावईबापू, मी तुमचं घर मोडलं हो."

जावई खालीच बघत राहिला. "तिची तीनचाकी अजून आहे माझ्याकडे," एवढंच म्हणाला.

"म्हणजे माझ्यामुळे झालं," लेक पुटपुटली.

"तुमच्यात तोच बिघाड आहे खरा. पण तुम्हाला तो जन्मात जाणवला नाही. यात दोष कुणाचाच नसतो."

लेकीचा चेहरा आजोबांना बघवेना. "तिचं काय चुकलं?" ते घाईघाईने म्हणाले. "हे तिच्या आईकडचं. आमच्या हिच्या माहेरचीच माणसं तसली." आजी आता उलट बोलायला नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"आईकडून आलं असतं, तर तुमची लेकही हसरीसारखीच झाली असती. हिच्यात ते झोपून राहिलं आजोबा, म्हणजे ते वडिलांकडून आलंय."