नंतरचं बटण

"काका, मागे कोणीच नाही," सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आमच्या फाटकापाशी उभा राहून म्हणाला. पण मी गाडी मागे घेताच तिने आपोआप ब्रेक लावला होता आणि पडद्यावर माणसाची लाल आकृती दिसत होती.

तिथेच माझी बायको उभी राहायची. "येऊ द्या, येऊ द्या," म्हणायची. पुरे झालं की डिकीवर दोन थापा मारायची. "बास! आता काय भिंत पाडताय?" माझा पडद्यापेक्षा त्या थापांवर जास्त भरवसा होता.

मार्चमध्ये या ब्रेकचं अपडेट आलं. त्यासाठी गाडी चाळीस मिनिटं उभी ठेवावी लागणार होती. मी रोज 'नंतर' दाबत राहिलो. अकराव्या दिवशी गाडीमागे तिचा पाय घसरला. थापा ऐकू आल्या नाहीत, म्हणून मी गाडी मागे घेतच राहिलो.

तिच्या तेराव्यानंतर मी अपडेट करून घेतलं. तेव्हापासून गाडी रोज इथे थांबते. इतर कुठेच अशी थांबत नाही.

मेकॅनिक माझ्या शेजारी येऊन बसला. "सेन्सरला भास होतोय, काका. नवीन अपडेट आलंय. ते टाकलं की आकृती जाईल."

पडद्यावर दोन बटणं आली. 'आता' आणि 'नंतर'. मी 'नंतर' दाबलं.

डिकीवर दोन थापा पडल्या. मेकॅनिक दचकून मागे वळला.

मी गाडी बंद केली.