उन्हामागची गाडी

अनसूयाकाकू अंगणात खाटेवर कुरडया घालत होत्या. भाडेकरू दिगंबर समोर येऊन उभा राहिला. सकाळीच टोइंगवाल्यांनी त्याची गाडी उचलून अंधाऱ्या गोदामात नेली होती. काकूंनी तक्रार मागे घेतल्याशिवाय ती सुटणार नव्हती, आणि उद्या तर बायकोला माहेराहून आणायचं होतं.

“माझ्या जागेत लावलीस कशाला?” काकूंनी विचारलं.

“मी तुम्ही दिलेल्या जागेतच लावली होती, जांभळाखाली. तिथं दिवसभर सावली. उन्हावर जगणारी गाडी ती. भूक लागली, की आपली आपण उन्हात सरकते.”

“मग वळण लाव की तिला.”

“तुम्ही नाही का ही खाट दिवसभर उन्हामागे ओढत? तसंच तिचं.”

काकूंनी कमरेवर हात ठेवून खाटेकडे पाहिलं. सावली पुन्हा कुरडयांपर्यंत आली होती.

“घेते तक्रार मागे,” त्या म्हणाल्या. “पण खाटेला चाकं बसव आणि उन्हाळाभर ती तुझ्या गाडीला बांध. फक्त सासुरवाडीला निघताना तेवढी सोडायला विसरू नकोस.”