प्रत्यय

"आधी रिपोर्टचं सांगा," तिने दारातच अडवलं.

प्राध्यापकांनी खाली बघत बूट काढले. "माझा रिपोर्ट स्वच्छ आहे. साधा खोकला. शपथ."

तिचा जीव भांड्यात पडला. महिनाभर तो टांगणीलाच लागला होता. दवाखान्यात तिचंही रक्त उगीच काढून घेतलं होतं; एकावर एक फुकट, असं तीच हसून म्हणाली होती.

प्राध्यापकांना मात्र बसवेना. कपाट उघडलं, बंद केलं, खिडकीशी गेले, परत आले. शेवटी काचेची डबी टेबलावर ठेवली. आत पंख पसरलेला चतुर किडा होता, शेपटीचं टोक गदेसारखं फुगलेलं. गदाधारी कुळातल्या या नव्या, अजून बिननावाच्या चतुराला कुठल्या वंशात बसवायचं, यावर त्यांनी वर्षानुवर्षं घोळ घातला होता. सोयरीक जमवणाऱ्यांनीही एवढे आढेवेढे घेतले नसते.

"लॅपटॉप उघड. आज नाव देऊन टाकू."

"अहो, एवढी काय घाई? आत्ता तर आलात."

"दुसऱ्या कुणी आधी छापलं, तर आपलं नाव बाद."

ती बसली. त्यांचे सगळे शोधनिबंध तीच टाइप करायची, त्यामुळे नियम पाठ होते. नव्या जातीला शास्त्रीय नाव म्हणून माणसाचं नाव द्यायचं, तर इंग्रजी अक्षरांत पुरुषाच्या नावाशेवटी 'आय', बाईच्या नावाशेवटी 'ए' आणि 'ई'. एक नियम प्राध्यापकांचा स्वतःचा होता: जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही. माणूस उद्या कसा वागेल, भरवसा नाही, म्हणायचे. सासूबाई गेल्या, तेव्हा एका चतुराला त्यांचं नाव मिळालं. तिने स्वतःसाठीही एकदा लाडीगोडी लावून पाहिली होती. "आधी वर जा, मग बघू," ते म्हणाले होते, आणि दोघंही पोट धरून हसली होती.

"हं, सांगा."

ते पाठमोरे उभे राहून एकेक अक्षर सांगू लागले. चार अक्षरांतच तिला कळलं. त्यांचं आडनाव! तिचे डोळे भरून आले. सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि लेकाने त्यांच्याबद्दल कधी ब्रही काढला नव्हता. मनात मात्र होतं तर.

"मामंजींना किती आवडलं असतं," ती म्हणाली. "झालं आडनाव. आता शेवटी आय ना?"



"ए," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "ई."