पितळी डबी

बरुआसागरच्या तळ्याकाठी नेता यावी म्हणून हृषीकेशनं पक्क्या जलरंगांसाठी कप्प्यांची पितळी डबी स्वतःच्या हातानं घडवली होती. अनुसूयाआत्या नाक मुरडायची, "पाण्याचे रंग ते. पाण्यानं जाणार." त्याचं एकही चित्र तिनं बैठकीत लावू दिलं नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिनं घाईत तीच डबी पंचपाळं समजून उचलली, कुंकू वाळलंय म्हणून वर पाणी शिंपडलं आणि जमलेल्या सगळ्या बायकांची कपाळं रंगवली.

तिसऱ्या दिवशीही बायकांचे फोन थांबेनात. बेसन झालं, खोबरेल झालं, तरी आत्याच्या स्वतःच्या कपाळावरचा लाल ठिपका हलेना. शेवटी ती त्याच्या खोलीत आली. "भैया, आता तूच सांग, हा निघायचा कसा?"

हृषीकेशनं कागदावरून मान वर केली नाही.

"पाण्याचे रंग ते, आत्या. पाण्यानं जाणार."