कौदीखालचं नाव

कॅम्पातल्या नव्या संग्रहालयात फक्त बायकांनी केलेली कला ठेवणार होते, म्हणून पारमितानं आप्पांनी हौसेनं शिवलेली जुन्या लुगड्यांची कौदी, म्हणजे गोधडीच, खुशाल आईच्या नावावर दिली. आणि ती थेट दर्शनी भिंतीवर झळकली की! उद्घाटनाला जमलेल्या बायका "लई झ्याक शिवलीसा, सुजाताक्का!" म्हणत आईचे हात हातात घ्यायला लागल्या. आई कावरीबावरी झाली, आणि पारमिताला तोंड कुठं लपवू असं झालं.

"आप्पा, चुकलं माझं. तुमची कला आईच्या नावावर खपवली. आत्ता जाऊन खरं सांगते."

टेलर असलेल्या आप्पांनी तिचा हात धरला. मान मात्र वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे गं. तुझ्या आईनं शिवलेल्या शर्टांवर आजवर माझ्याच नावाचं लेबल लागलंय."