चाकांवरचं घर

“हाती घेतलंस ते तडीस ने, नाहीतर हातच लावू नकोस.” लहानपणी ऐकलेले वडिलांचे हे बोल कानात घोळवत निवृत्त हेडमास्तर अंगणातल्या जुन्या मिनीबसचं चाकांवरचं घर करत होते. बायकोला उभ्या जन्मात कुठे नेलं नव्हतं, ते आता एकदमच गावोगाव फिरवायचं. पण पत्रा गंजे, जोड सुटे, आणि पत्र्याआधी मास्तरांची उमेदच गंजे. मग ते हत्यारं टाकून स्वयंपाकघरात येऊन बसत आणि कांदा कसा चिरावा ते बायकोला समजावत. ती लगेच चहाचा कप पुढे करी. “अहो, असे हातपाय काय गाळता? तुमच्या हातात जादू आहे. जा बघू.” तेवढ्यावर मास्तर पुन्हा महिनाभर ठोकाठोक करत.

अशी वर्षांमागून वर्षं गेली आणि एका सकाळी गाडी खरंच सुरू झाली. मास्तरांनी अदबीनं दार उघडून धरलं. “बैस. आता तू, मी आणि रस्ता.”

ती पायरीपाशीच थांबली. “मला गाडी लागते हो. कोपऱ्यापर्यंत जाईतो उलटी होते.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही तेव्हाच कायमचे घरात येऊन बसला असता.”