चिंचोके आणि दाणे

नागपूरच्या कॉलेजात गणित शिकणारा इंद्रभान बैलांच्या दमणीतून केनवडला मुलगी पाहायला आला, पण पंचफुलाच्या वडिलांना शहरी पोराचा भरवसा वाटेना. “तिकडं करता काय तुमी?” “सेमिनारात गणित मांडतो, मामा.” त्यानं ओसरीवर चिंचोके मांडले, समोर ज्वारीचे दाणे. चिंचोके पोरी, दाणे पोरं. जिला जो पसंत, त्याच्याकडे कोळशाची रेघ. सगळ्यांची लग्नं जुळतील का, एवढंच पाहायचं. “हा दाना मी, हा चिंचोका तुमची पंचफुला.” वडील वाकले. “तुमच्याकडं आनखी दोन रेघा येऊन राह्यल्या. या दोघी कोन?” “कोनीच नाई. गणितापुरत्या हायेत.” वडील उठले. चहा ठेवून पंचफुलानं कोळसा घेतला. ओवीला दुसरी ओळ जोडावी तशी आपल्या चिंचोक्यापासून भलत्याच दाण्याकडे रेघ ओढली. “हा कोन?” इंद्रभान दचकला. “हाबी गणितापुरताच,” पंचफुला म्हणाली. वडील पुन्हा बसले. “चहा घ्या, जावईबापू.”